'यी ओल्ड' की 'द ओल्ड'? पबच्या पाटीवरून घरात पेटलेलं भांडण

नॉटिंगहॅमची सूनबाई

मंडळी, घरात शांतता नांदावी म्हणून हा धागा काढतेय.

सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यामुळे दुकानाच्या पाटीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं मोठ्यानं वाचायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या, हा त्यांचा फिरायला जाण्यातला मुख्य आनंद. शनिवारी त्यांना इथल्या किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या प्रसिद्ध पबला नेलं. आतल्या खोल्या खडकात खोदलेल्या आहेत आणि बाहेर पांढऱ्या भिंतीवर काळ्या अक्षरांत नाव आहे. पहिला शब्द वाय-ई, दुसरा ओ-एल-डी-ई, पुढे ट्रिप टू जेरुसलेम. खाली साल ११८९.

बाबांनी वाचलं, "यी ओल्ड". नवरा म्हणाला, "बाबा, ते 'द ओल्ड' आहे." बाबा म्हणाले, "वाय-ई चा उच्चार 'द' कुठल्या शाळेत शिकवला तुला? माझ्या तर नाही. 'यी' म्हणजे 'तुम्ही'. बायबलात पानोपानी आहे." नवरा म्हणाला, "मग पाटीचा अर्थ काय, 'तुम्ही म्हातारे'?" यावर बाबांनी त्याच्याकडे जे पाहिलं त्याचं वर्णन नको. आमची नऊ वर्षांची चिऊ मध्येच म्हणाली, "यी ओल्डी". तिला दोघांनीही गप्प केलं.

पैज अशी लागली आहे की हरेल त्यानं आठवडाभर भांडी घासायची. पंच मी.

आणखी एक. आत बोळात जुन्या वर्तमानपत्राचं पान चौकटीत लावलेलं होतं. त्यात 'सिल्क'चं 'फिल्क', 'सोप'चं 'फोप' छापलंय. बाबांचं म्हणणं, मुद्रितशोधक झोपला होता. अख्खं पानभर झोपला होता?

---

टवाळ

वाय-ई म्हणजे आपलं मराठी 'ये'. "ये रे म्हाताऱ्या, बस, घे." पबच्या दारावर याहून चांगलं काय लिहिणार?

---

खिळेजुळारी

सूनबाई, तुमचे यजमान बरोबर आहेत. पण तुमचे सासरेही चूक नाहीत, आणि पंच म्हणून तुमची इथेच पंचाईत होणार आहे.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर विचाराल की याला काय कळतं. मी काही प्राध्यापक नाही. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात १९७१ साली खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो आणि ऑफसेट छपाई येऊन आमच्या केसेस, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, भंगारात जाईपर्यंत तेच केलं. आता मुलगी बेल्जियममध्ये असते. तिनं एकदा अँटवर्पला प्लांटिन-मोरेटस नावाचं संग्रहालय दाखवायला नेलं. सोळाव्या शतकातला छापखाना जसाच्या तसा ठेवलाय. जगात टिकून राहिलेली सगळ्यांत जुनी दोन छपाईयंत्रं तिथेच आहेत. इतर लोक भिंतीवरची चित्रं बघत होते. मी केसेसपाशी उभा. खणांची मांडणी बघून हाताला आपोआप हुरूप आला. तिथून परतल्यापासून हा नाद आहे.

तर मुद्दा. इंग्रजीत एकेकाळी एक अक्षर होतं, नाव 'थॉर्न'. थॉर्न म्हणजे काटा, अक्षराचं नावच तसं. रोमन लिपी इंग्लंडात आली तेव्हा तिच्यात 'थ'-'द' च्या या आवाजाला अक्षरच नव्हतं. मग तिथल्या लोकांनी आपल्या जुन्या रून लिपीतलं हे अक्षर उचललं आणि रोमन अक्षरांच्या पंगतीत बसवलं. उभी दांडी आणि मध्यावर उजवीकडे पोट. इंग्रजी 'पी' चा दांडा वरही थोडा वाढवलात की झाला थॉर्न. आइसलँडवाले आजही वापरतात, त्यांच्या 'थोर' देवाच्या नावातलं पहिलं अक्षर तेच.

आता हातानं भराभर लिहिताना काय होतं? दांडीचा वरचा भाग आखडत गेला आणि पोट वरून उघडं राहू लागलं. उघड्या पोटाचा, खाली शेपूट असलेला थॉर्न म्हणजे हुबेहूब 'वाय'. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या कित्येक हस्तलिखितांत दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. वाचणाऱ्याची मात्र अडचण होत नसे, संदर्भानं कळायचं. मोडी वाचणाऱ्याला विचारा, तो अर्धी ओळ संदर्भानंच वाचत असतो.

मग १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना टाकला. हा गडी छपाई शिकला कोलोनला, इंग्रजीतलं पहिलं पुस्तक छापलं ब्रूजला, आणि खिळे आणले तिकडूनच, फ्लँडर्सच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूचे. तिकडच्या भाषेत थॉर्न नाही, म्हणून खिळ्यांत थॉर्न नाही. हाताशी खिळा नसला की कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, काय करतो? दिसायला जवळचा जो असेल तो लावतो. बहुतेक ठिकाणी टी-एच जुळवायचे. आणि जिथे जागा वाचवायची तिथे 'वाय', आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा 'ई'.

जागा वाचवायची म्हणजे काय, हे ज्यानं स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवायच्या हातातल्या पट्टीत, ओळ बसवली आहे त्यालाच कळेल. प्रत्येक ओळ काठोकाठ भरावी लागते. सैल राहिली तर फॉर्मा, म्हणजे जुळवून बांधलेली पानं, उचलताना खिळे गळतात, आणि एक खिळा जास्त झाला तर ओळ स्टिकमध्ये शिरतच नाही. अशा वेळी शब्द आखडणं हा एकच उपाय. १६११ च्या राजा जेम्सच्या बायबलात दोन अरुंद रकाने आहेत. त्यात ईयोबच्या पहिल्या अध्यायातलं ९वं वचन बघा. सैतान परमेश्वराला उत्तर देतो, तिथे 'द लॉर्ड' मधला 'द' हा वाय आणि वर बारीक ई असा आहे. ते पान वाचणारा एकही माणूस त्याला 'यी' म्हणाला नसेल. तो 'द'च म्हणायचा.

पुढे थॉर्न विस्मरणात गेला. एकोणिसाव्या शतकात जुन्याचं वेड आलं तेव्हा पाट्या रंगवणाऱ्यांनी जुन्या कागदांवरून 'वाय-ई' उचललं, बारीक 'ई' खाली ओढून शेजारी बसवला, आणि लोक 'यी' म्हणायला लागले. तेव्हा पाटीवरचं ११८९ हे साल आणि हा शब्द, दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकासाठी आहेत असं समजा. बिअर चांगली असेल तर तक्रार नको.

आता हसू नका, पण मी स्वतः हेच पाप केलंय. आमच्याकडे एका टायपात 'ऱ्य' चा, म्हणजे अर्ध्या चंद्रासारख्या 'र' चा खिळा फार थोडा होता. एकदा स्वयंपाक करणाऱ्या मंडळींच्या संघटनेची स्मरणिका आली. खिळे संपले. फोरमन म्हणाला, रफार लाव आणि पुढे चल. "ज्येष्ठ आचाऱ्यांचा सत्कार" च्या जागी "ज्येष्ठ आचार्यांचा सत्कार" छापून गेलं. मी आठवडाभर शिव्यांची वाट बघत होतो. ते लोक पेढे घेऊन आले. पुढच्या वर्षी त्यांनी लिहूनच तसं दिलं!

'फिल्क' चं उद्या लिहितो. डोळे दुखायला लागले.

---

नॉटिंगहॅमची सूनबाई

काका, साष्टांग! घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आचाऱ्यांपाशी बाबा इतके हसले की चहा सांडला. पण हार मानायला तयार नाहीत. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "'यी' म्हणजे तुम्ही, हे खोटं आहे का ते सांगा."

---

खिळेजुळारी

मास्तरांना नमस्कार. खोटं नाही. तो दुसरा 'यी', त्याचा थॉर्नशी संबंध नाही. तो पहिल्यापासून खरोखरचा 'वाय'वालाच उच्चार. दोन वेगळे शब्द योगायोगानं सारखे दिसू लागले. बायबलात तर एकाच पानावर दोन्ही सापडू शकतात.

जुनी व्यवस्था आपल्यासारखीच होती. 'दाऊ' म्हणजे तू, 'यी' म्हणजे तुम्ही, आणि 'यू' म्हणजे तुम्हांला. पुढे आदरार्थी एकालाही 'यी', 'यू' म्हणू लागले, आपल्या 'तुम्ही' सारखंच. म्हणून मला एका गोष्टीची गंमत वाटते. आज इंग्रजी शिकणाऱ्याला 'दाऊ' फार भारदस्त, दरबारी वाटतं. प्रत्यक्षात ते अरे-तुरे होतं! १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याला म्हणाला, मी तुला 'दाऊ' म्हणतो, द्रोह्या. अपमान करायचा म्हणून ठरवून एकेरीवर आला. क्वेकर पंथाचे लोक सगळ्यांना सरसकट 'दाऊ' म्हणत, अगदी न्यायाधीशालासुद्धा, आणि त्यापायी मार खात, तुरुंगात जात.

मग देवाला 'दाऊ' कसं? अहो, आपण विठोबाला 'अहो विठ्ठलराव' म्हणतो का?

आता 'फिल्क'. मास्तर, मुद्रितशोधक जागा होता. ते 'एफ' नाही, तो लांब 'एस' आहे. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब एस, शेवटी आपला नेहमीचा वळणाचा एस, असा साधारण नियम होता. भिंग घेऊन बघा. 'एफ' ची आडवी काडी दांडीच्या दोन्ही बाजूंना असते. लांब एसला एक तर काडीच नसते, किंवा फक्त डावीकडे बोटभर टोक. अमेरिकेच्या हक्कांच्या सनदेत, १७८९ च्या मूळ हस्तलिखितात, 'काँग्रेस' शब्द असाच आहे. शेवटच्या दोन एसपैकी पहिला लांब, दुसरा आखूड. लोक त्याला 'काँग्रेफ्स' वाचून हसतात.

तो का गेला, याचं उत्तर पुस्तकवाले देतात की एफशी घोटाळा होत होता. असेल. पण घोटाळा तर तीनशे वर्षं चाललाच होता. माझ्या मते आमच्या धंद्यातलं कारणही तितकंच मोठं. लांब एसचा वरचा आकडा पुढे झुकलेला असतो. म्हणजे धातूच्या खिळ्यावर तो भाग अंगाबाहेर लोंबतो, त्याखाली आधार नाही. शेजारी उंच अक्षर आलं, एल किंवा एच, की टक्कर होते आणि आकडा मोडतो. म्हणून लांब एस आणि एल, लांब एस आणि एच, लांब एस आणि आय असे जोडखिळे वेगळे पाडावे लागत. एका अक्षरापायी केसमध्ये पाच-सहा खण जादा. आपल्या देवनागरीत वेलांटी-रफाराचे अंगाबाहेरचे खिळे असेच पटापट मोडायचे. महिनाअखेरीला टोपलीभर मोडके खिळे वितळवायला जात, त्यांत निम्मे वेलांट्या! तेव्हा लंडनच्या जॉन बेल नावाच्या मुद्रकानं १७८० नंतरच्या दशकात लांब एस काढून टाकला, तेव्हा त्याच्या कंपोझिटरांनी काय सुस्कारा टाकला असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. 'द टाइम्स' नं १० सप्टेंबर १८०३ च्या अंकापासून सोडला. त्यावरून तुमच्या बोळातला कागद साधारण कधीचा, ते मास्तर स्वतःच ठरवू शकतील.

लांब एस पुरता मेला मात्र नाही. गणिती लायब्निट्सनं १६७५ मध्ये बेरजेच्या लॅटिन शब्दाचं पहिलं अक्षर म्हणून तो गणितात घेतला. बारावीत इंटिग्रेशनच्या चिन्हानं छळलं असेल ना? तोच.

---

एडिंबराचा चाकरमानी

काकांच्या 'खिळा नाही म्हणून' ला इकडची भर. स्कॉटलंडमध्ये 'मेंझीस' असं स्पेलिंग असलेलं आडनाव आहे, मध्ये झेड. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एका वरिष्ठांना मीटिंगमध्ये तीनदा "मिस्टर मेंझीस" म्हणालो. चौथ्यांदा शेजारचा कानात म्हणाला, "मिंगिस". मला वाटलं, थट्टा करतोय.

इथे मेलेल्या अक्षराचं नाव 'योघ'. दिसायला ३ च्या आकड्यासारखं, शेपूट ओळीखाली गेलेलं. उच्चार 'य' च्या किंवा घशातल्या 'ग' च्या जवळपास. स्कॉटिश हस्ताक्षरात ते आणि शेपटीचा झेड सारखेच दिसायचे, मुद्रकांनी झेड लावून टाकला. 'डॅल्झिएल' लिहितात आणि 'डी-एल' म्हणतात. 'कल्झीन' किल्ला लिहितात, म्हणतात 'कलेन'. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते मेंझीस कँबेल यांना सगळे 'मिंग' म्हणायचे ते यामुळेच. शेटलँड बेटांचं जुनं सरकारी स्पेलिंगही झेडनं, 'झेटलँड'. तिथले पोस्टकोड आजही झेड-ई नं सुरू होतात.

---

संत्रानगरीकर

मी वाचलंय की आपलं 'नारिंग' इंग्रजांनी नेलं आणि 'अ नॉरेंज' चं 'अन ऑरेंज' करून न खाऊन टाकला. खरं का?

---

खिळेजुळारी

अर्धं खरं. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांजा, इथपर्यंत 'न' शाबूत आहे. पण तो गळाला फ्रेंच-इटालियनमध्ये, इंग्लंडच्या वाटेवर असतानाच. इंग्रजांवर हा आळ नको, त्यांच्यावर दुसरे पुरेसे आहेत. खरोखर त्यांनी खाल्लेला 'न' हवा तर 'एप्रन' घ्या. मूळ 'नेप्रन', 'नॅपकिन' चा भाऊबंद. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता 'अन एप्रन' झालं, आणि नॅपकिनकडे न तसाच राहिला. विषारी साप 'ॲडर', तोही आधी 'नॅडर' होता. उलटी चोरीही आहे. 'निकनेम' मूळचं 'एकनेम', म्हणजे जादा नाव. 'अन' मधला न त्यानं पळवला.

एडिंबराकर, योघबद्दल आभार. तुमच्या वरिष्ठांना सांगा की चूक मुद्रकाची, तुमची नाही.

आणि कॅक्स्टनच्या खिळेजुळाऱ्यांचं एक सांगायचं राहिलं. 'घोस्ट' मध्ये जी नंतर एच का, असा प्रश्न शाळेत पडला असेल. जुन्या इंग्रजीत तो नव्हता. फ्लेमिश भाषेत भुताच्या शब्दात 'जी-एच' असे, आणि तिकडे हात बसलेल्या मंडळींनी इंग्रजी भुतालाही लावून टाकला. भुताच्या मानगुटीवर बसलेला एच.

---

नॉटिंगहॅमची सूनबाई

आता बाबा स्वतः टाइप करणार म्हणून हटून बसलेत. खालचं त्यांचं:

*खिळेजुळारी महोदय, स. न. वि. वि. आपला खुलासा मान्य. वर्तमानपत्राच्या बाबतीत मुद्रितशोधकाची मी जाहीर माफी मागतो. मुद्रकांवर आपण पुष्कळ भार टाकलात, त्यात माझ्या जातीच्या, म्हणजे पंडितांच्या, पापांचीही नोंद असू द्या. 'आयलंड' मधला एस कधीच उच्चारात नव्हता. जुना शब्द 'ईगलंड' च्या वळणाचा. लॅटिन 'इन्सुला' शी त्याचं नातं आहे अशा चुकीच्या समजुतीनं विद्वानांनी एस घुसडला. 'डेट' मधला बी देखील लॅटिन ऐट. मी अनेक वर्षं मुलांना या दोन शब्दांवरून छड्या मारल्या, याचं आज वाईट वाटतं.*

*एक शब्द माझ्याकडून. 'डिअर' म्हणजे हरीण हे सर्वांना ठाऊक. परंतु जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कोणतंही जनावर, जर्मन भाषेत आजही तसाच आहे. नेमकं हेच आपल्याकडे 'मृग' शब्दाचं झालं. मृग म्हणजे मूळ कोणताही रानपशू. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया. दोन्हीकडे पशू आकसून हरणावर आला. वर्गात हे शिकवलं की शेवटच्या बाकावरची मुलंही माना वर करीत.*

---

टवाळ

मास्तर, छड्या खाल्लेल्यांपैकी मी नाही ना?

---

नॉटिंगहॅमची सूनबाई

काका, शेवटचा प्रश्न, मग पंच निकाल देणार. चिऊ विचारतेय की 'ओल्ड' च्या शेवटचा 'ई' कशाला? तो पण पाटीवाल्यानं उगाच लावलाय का?

---

खिळेजुळारी

मी या प्रश्नाची वाटच बघत होतो.

'शॉप' ला जोडलेला जादा पी आणि ई दिसतो, तो निव्वळ सजावटीचा. पण 'ओल्डे' चा ई तसा नाही. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत, कवी चॉसरच्या काळी, विशेषणाच्या आधी 'द' आला की त्याला शेवटी 'ई' लागायचा, आणि तो बोलला जायचा. 'द ओल्ड' नाही, 'द ओल्ड-अ', शेवटी एक पुसटसा स्वर. कॅक्स्टनच्या काळापर्यंत तो तोंडातून गेला, लिहिण्यात काही काळ राहिला.

म्हणजे पहिला शब्द यजमानांचा बरोबर. पण दुसऱ्या शब्दाला शेवटी काहीतरी उच्चार आहे असं म्हणणारं तुमच्या घरात एकच माणूस होतं, आणि त्याला दोघांनी मिळून गप्प केलं.

---

नॉटिंगहॅमची सूनबाई

निकाल: बाबा घासतात, नवरा विसळतो. चिऊ खुर्चीवर बसून कुठल्या ताटाला अजून खरकटं आहे ते दाखवते.